चौतीस मिनिटांचा रिपोर्ट

४ ऑगस्ट

सूनबाई,

खुशाली शेवटी विचारतो, आधी काम.

तुझ्या नव्या लॅबच्या पत्त्यावर या आठवड्यात एक जाड पाकीट येईल. लिफ्टवाल्या कंपनीचं. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांवर आपण रेझिन ओतून द्यायचो, ते तपकिरी ठोकळे, त्यांचंच प्रकरण. आत फेब्रुवारीच्या बॅचच्या रिपोर्टची झेरॉक्स असेल आणि खाली एक प्रश्न: हा रिपोर्ट तुमचा आहे का? पुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. तू 'हो'वर खूण कर आणि परत धाडून दे. एका मिनिटाचं काम आहे. परतीचं पाकीटसुद्धा त्यांनीच घातलेलं असतं.

आता तू विचारशील, कशासाठी. त्यांचे तीन ठोकळे जळाले. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक बाई आणि तिचा कुत्रा, पावणेदोन तास. बाईपेक्षा कुत्र्यानेच जास्त तक्रार केली म्हणे. ठोकळा जळायला शंभर कारणं असतात. वायरिंग असतं, धूळ असते, बसवणारा गाढव असतो. पण यांना आमचंच दार दिसलं. म्हणतात, ठोकळ्यात पोकळ्या आहेत, रेझिन साच्याच्या कोपऱ्यात पोचायच्या आतच घट्ट झालं असणार. आणि तुमचा रिपोर्ट तर म्हणतो, साठ अंशांवर चौतीस मिनिटं माल ओतण्याजोगा पातळ राहतो. मग हे कसं?

तू त्या वेळी, आपल्या लॅबमध्ये असताना, तेवीस म्हणत होतीस. मला आठवतं. अख्ख्या शेडला आठवतं, तू मिक्सर चालू असताना बोललीस म्हणून ओरडून बोललीस, आणि मीही. पण तू गेल्यावर तुझ्याच यंत्राने चौतीस दाखवलं. मी घरी बसून आकडा जुळवलेला नाही. सही तुझी आहे. म्हणजे तुझ्या सहीचा शिक्का आहे. त्यात आता शिरायला नको.

'नाही'वर खूण झाली तर ते मान्यताप्राप्तांच्या यादीतून आपलं नाव काढतील, आणि ते नाव गेलं की बाकीची दोन गिऱ्हाइकंही पाठोपाठ जातील. शेडमध्ये सव्वीस माणसं आहेत. 'हो' झालं तर थोडा पत्रव्यवहार होईल, हे त्यांना विचारतील, ते यांना विचारतील, आणि प्रकरण निवेल. माझा अनुभव आहे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या सासूबाईंचा गुडघा बरा आहे, हे तुला माहीतच असेल, कारण तू त्यांना रोज फोन करतेस हे मला माहीत आहे. चिरंजीवांना म्हणावं, बाप जिवंत आहे.

बाबा


१० ऑगस्ट

सूनबाई,

माणूस पत्र लिहितो तेव्हा त्याला उत्तर अपेक्षित असतं, उलट प्रश्न नव्हे.

रविवारी फोन आला. तो तुझ्या सासूबाईंनी घेतला, स्वयंपाकघरात नेला आणि नळ सोडला. नळ सोडून बोललं की मला ऐकू येत नाही, अशी त्यांची तीस वर्षांची समजूत आहे. "हो गं, तसेच आहेत," "नाही, जेवत नाहीत धड," "तू मुळीच ऐकू नकोस त्यांचं," एवढं मी नळासकट ऐकलं. मग फोन माझ्याकडे आला. पलीकडे चिरंजीव.

"बाबा, ती विचारतेय, किती हलवलं होतं?"

"काय हलवलं?"

"थांबा, विचारतो." मग पलीकडे कुजबूज. "वरची थाळी. किती टक्के."

"तिला म्हणावं, स्वतः फोनवर ये आणि विचार."

"ती म्हणते, नको."

"मग त्या चौकोनाचं काय केलं?"

"ती म्हणते, आधी आकडा सांगा."

"अरे, ती शेजारी बसलीय ना तुझ्या? मला तिच्या बांगडीचा आवाज येतोय."

त्यावर बांगडीचा आवाज लांब गेला. मग हे चिरंजीव, ज्यांनी उभ्या जन्मात कधी मिक्सरचं बटण दाबलं नाही, मला म्हणतात, "बाबा, आता हे मी विचारतोय. तिने 'हो' म्हटलं, तर जळालेले ठोकळे तिच्या नावावर. तिची नवी लॅब याच कामाचे दाखले देते. तिथे तिला कोण ठेवेल?"

मी म्हटलं, "तू शाळेत भूगोल शिकवतोस, तू नद्या बघ." आणि फोन ठेवला. चुकलं असेल. पण ज्याला काही ठाऊक नाही त्याने एकदम बरोबर मुद्दा काढला की डोक्यात तिडीक जाते.

बरं, तुझा आकडा. शंभर असेल. त्या दिवशी आधी तुझ्या मापाने, अर्ध्या टक्क्यावर लावून बघितलं होतं. दोन थाळ्यांच्या मध्ये रेझिनचा थेंब, वरची थाळी जराशी इकडे जराशी तिकडे, आणि पडद्यावर पातळपणाची एक रेघ, घट्टपणाची एक. घट्टपणाची रेघ दुसरीच्या वर चढली की माल संपला. पहिल्या दिवशी तू मला असंच समजावलं होतंस, म्हणून असंच लिहितोय. पण अर्ध्या टक्क्यावर सुरुवातीची रेघ गोमेसारखी वळवळत होती. असली रेघ गिऱ्हाइकाला कशी दाखवायची? मी हलवणं वाढवत नेलं. शंभरावर रेघ अशी सरळ आली की फुटपट्टी लाजावी. आणि आकडा आला चौतीस.

सांगितला. आता त्या चौकोनाचं बघ.

बाबा


१३ ऑगस्ट

सूनबाई,

तुझ्या यंत्राला काही झालेलं नाही. फक्त वरची थाळी खालच्या थाळीला सोडत नाही.

झालं असं, की मी ठरवलं, एकदा तुझ्याच मापाने, अर्ध्या टक्क्यावर, शेवटपर्यंत चालवून दाखवायचं. म्हणजे तुलाही कळेल की आकडा थोडा इकडचा तिकडे होतो, आभाळ कोसळत नाही. फेब्रुवारीचाच माल होता, सील न उघडलेला. सकाळी साडेनऊला थेंब ठेवला, थाळी उतरवली, साठ अंश लावले. तेवढ्यात फाटकावर ड्रमवाल्याचा ट्रक आला आणि त्याने तो नेमका शेजारच्या छापखान्याच्या दारात उभा केला. तुला तो छापखानेवाला माहीत आहे. त्याचं आणि ड्रायव्हरचं जुंपलं, मी सोडवायला गेलो, मग माझंच जुंपलं. परत आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. थेंबाचा दगड झाला होता आणि दोन्ही थाळ्या कुंकवाच्या करंड्यासारख्या, नव्हे, करंडा निदान उघडतो.

फोरमनला बोलावलं. तुम्ही सगळे त्याला भोंगा म्हणता ते मला ठाऊक आहे, मीही मनात तेच म्हणतो. त्याने वाकून बघितलं आणि शेड दणाणेल अशा आवाजात म्हणाला, "मालक, चिकटलं."

"हळू बोल."

"एक हलका ठोका देऊ?"

"तुझा हलका ठोका मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला कपाटाचं दार गेलं."

गरम हवा मारून पाहिली. सॉल्व्हंट लावून पाहिला. मी स्वतः, सदतीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, एका बटणाएवढ्या थेंबापुढे हात टेकून उभा होतो. तुझ्या सासूबाई डबा द्यायला आल्या होत्या. त्यांनी नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं चिकटतं की. त्या लिफ्टवाल्यांना हे दाखवा."

शेवटी तुझी वही काढली. कपाटात, तू ठेवलीस तिथेच होती. पहिल्याच पानावर तांबड्या शाईने: 'घट्ट होणाऱ्या मालाला स्टीलच्या थाळ्या लावू नयेत. पत्र्याच्या चकत्या लावाव्यात, वापरून टाकून द्याव्यात. बाबांना हे दोनदा सांगणे.'

दोनदा सांगितलं होतंस का? एकदा तर नक्की सांगितलं असशील. त्या वेळी मी मान हलवली असेन. मला मान हलवायची सवय आहे, त्याचा अर्थ ऐकलं असा नसतो, हे घरात सगळ्यांना कळतं, मलाच उशिरा कळलं.

थाळ्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवल्या आहेत. तो म्हणाला, वरच्या थाळीचा दांडा सरळ राहिला असेल तर नशीब. खालच्या कप्प्यात तुझ्या चकत्यांची पेटी सापडली, सव्वाशे तरी असतील. तू बाजूला ठेवलेला जुना दांडाही सापडला. चकत्या त्यावर बसतात.

पाकीट तुला मिळालं, हे नळाच्या आवाजातून समजलं. तू खूण केली नाहीस, हेही समजलं. 'हो' पण नाही, 'नाही' पण नाही. हे काय चाललंय?

बाबा


१७ ऑगस्ट

सूनबाई,

एकच बादली. एकदाच कालवलेला माल. पंप लावून बुडबुडे काढायचं काम वगळलं, कारण दोन्ही मापं लागोपाठ, ताज्या मालावर घ्यायची होती. म्हणून रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर वेगळे तापवून दर मापाला नव्याने कालवले, वजनाच्या काट्यावर, तुझ्या वहीतल्या प्रमाणात. तर एकच बादली म्हणता येणार नाही, पण एकाच ड्रमातला माल. तू असली चूक पकडतेस म्हणून आधीच दुरुस्त केली.

पहिली चकती, अर्धा टक्का. सुरुवातीला रेघ वळवळली, वळवळू दिली. खुर्ची ओढून समोर बसलो. फाटकावर दोनदा हाक आली, गेलो नाही. तेवीस मिनिटं आणि काही सेकंद.

दुसरी चकती, शंभर टक्के. सरळ रेघ. चौतीस.

पुन्हा केलं. तेवीस. तेहतीस. पुन्हा. तेवीस. चौतीस. सहा चकत्या गेल्या. भोंगा मागे उभा राहून बघत होता. सहाव्या चकतीला म्हणाला, "मालक, जोरात ढवळलं की उशिरा बसतं, एवढंच ना? पिठलं पण तसंच." म्हटलं, "गप रे." पण ते पिठलं डोक्यातून जाईना.

कारण मी आयुष्यभर ढवळूनच बघितलं आहे. तू हसायचीस, पण माझा कान खोटा नव्हता. परक्याच्या शेडमध्ये फळीने रेझिन ढवळायचो तेव्हापासून, मिक्सरची मोटर कण्हायला लागली की मी न बघता सांगायचो, आता दहा मिनिटं उरली. लोक लांबून बघायला यायचे. कान खराच होता. पण ऐकत होता ते ढवळल्या जाणाऱ्या मालाचं. माल आत जाळं विणायला लागतो आणि मी पातं फिरवून ते तोडत राहतो, तो पुन्हा विणतो, मी पुन्हा तोडतो, आणि म्हणतो, बघा, अजून जिवंत आहे. साच्यात ओतल्यावर तिथे कोण ढवळणार? तिथे तो आपल्या गतीने बसतो. तेविसाव्या मिनिटाला. आणि त्या मोठ्या साच्याच्या शेवटच्या कोपऱ्यात पोचायला आपल्याला लागतात अठ्ठावीस.

तू हे मला सांगितलं होतंस. शब्द आठवत नाहीत, तुझा हात आठवतो, तू पेन्सिल धरून अगदी जराशी हलवून दाखवलीस, असं, बाबा, एवढंच. आणि मी म्हणालो, एवढ्याने माशीसुद्धा उडायची नाही. सगळे हसले.

दुपारी लिफ्टवाल्यांनी परत पाठवलेला एक ठोकळा घेतला. जळालेला नव्हे, साधा, अजून न बसवलेला. पान्याने ठोकत गेलो. मधोमध भरीव आवाज. कडेला भरीव. मागच्या खालच्या कोपऱ्यात आवाज बदलला. करवतीने कापला. आत अंगठा जाईल एवढी पोकळी, आतून गुळगुळीत, चिंचोक्यासारखी. अजून तीन कापले. दोहोंत होती.

ती बाई आणि तिचा कुत्रा, त्यावर मी पहिल्या पत्रात विनोद केला होता. तो वाचला नाहीस असं समज.

बाबा


२० ऑगस्ट

सूनबाई,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तुझ्या सासूबाईंनी तुकडे केराच्या टोपलीत बघितले आणि म्हणाल्या, "फोन का नाही करत?" म्हटलं, "ती घेणार नाही." म्हणाल्या, "नाही घेणार. लिहा मग."

पहिल्या पत्रात मी लिहिलं, सहीचा शिक्का तुझा आहे, त्यात शिरायला नको. शिरतो.

तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा मीच तो शिक्का करून आणला. रोजचे ओलाव्याचे रिपोर्ट अडू नयेत म्हणून. तू म्हणालीस, "बाबा, हात सुटला की हा मोडून टाकायचा." मी हो म्हणालो आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. मोडायला जिवावर आलं, कारागिराने इतका हुबेहूब केला होता.

फेब्रुवारीत तू तेवीसचा रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवलास. म्हणालीस, हार्डनर बदलू, नाहीतर साचा लहान करू, महिनाभर द्या. माल चार दिवसांत जायचा होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, यंत्राला काय कळतं, माझे कान शाबूत आहेत. आणि वर म्हणालो, पगार यंत्र देत नाही. तू साडेपाचला ओढणी सारखी करून गेलीस, ती परत आलीच नाहीस. सहाला मी लॅब उघडली.

शंभर टक्क्यांनी काय होतं हे मला माहीत नव्हतं, ते खरं आहे. त्यावर मी दोन पत्रं काढली. पण शिक्का बाहेर काढताना मी लॅबच्या दाराला आतून कडी लावली होती. शेडमध्ये तेव्हा चिटपाखरू नव्हतं. तरी लावली. मग माहीत नव्हतं, हे किती दिवस म्हणणार?

आणि पहिल्या पत्रात मी तुला सव्वीस माणसं मोजून दाखवली. सत्ताविसावी तू होतीस, ती मोजली नाही. 'हो'वर खूण केली असतीस तर ती माझी चूक जन्मभर तुझ्या नावापुढे राहिली असती, आणि हे मला लिहितानाच कळत होतं. चिरंजीवांनी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा 'नाही'वर खूण कर. त्यांचा तपासनीस तेवीस तारखेला इथे येतोय. तुझं पाकीट त्याला मिळायच्या आधी मी बोललेलं बरं, पण तू माझ्यासाठी थांबू नकोस.

बाबा


२४ ऑगस्ट

सूनबाई,

आला आणि गेला. जसंच्या तसं लिहितो.

शिडशिडीत माणूस, खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक गोष्टीला 'बरं'. मी दाराशी म्हणालो, या. बरं. बसा. बरं. चहा? बरं, नको. असा माणूस सगळ्यात वाईट. भांडणाऱ्याला मी खिशात घालतो, 'बरं'वाल्याला कुठे धरणार?

मी रात्रभर जुळवलेलं भाषण होतं. सुरुवात माझ्या कष्टांपासून होती. त्याने कागद काढला आणि भाषणाच्या आधीच विचारलं, "हा रिपोर्ट कोणी केला?"

"मी."

"सही तुमच्या सूनबाईंची आहे."

"शिक्का तिचा, हात माझा. तिने तेवीस लिहून दिले होते. हा तिचा रिपोर्ट." तो मी फाडला नव्हता. का ते मला माहीत नाही. बहुधा तुझा आकडा खोटा ठरला की दाखवायला.

"त्यांना हे माहीत होतं?"

"ती त्याच दिवशी सोडून गेली."

"तुमचं शिक्षण?"

"नववी. दोन वेळा."

तो पहिल्यांदाच 'बरं' म्हणाला नाही. मग मी त्याला सहाही रेघा दाखवल्या, कापलेले ठोकळे दाखवले, आणि कुठला ठोकळा कोणत्या तारखेला कुठल्या पेटीतून गेला त्याची यादी दिली. अडुसष्ट. यादी मी आधीच काढून ठेवली होती, मागायची वेळ येऊ दिली नाही. त्याने त्यांच्या कचेरीत फोन लावला आणि अडुसष्ट आकडे एकेक करून वाचले. त्यातले अकरा चालू लिफ्टमध्ये होते. त्या लिफ्ट तासाभरात बंद झाल्या. मी ते सगळं समोर बसून ऐकलं.

फोन झाल्यावर म्हणाला, "हे सगळं मला लेखी हवं."

"देतो. मलाही एक लेखी हवं."

"तुम्हाला?"

"सूनबाईंचा या रिपोर्टशी काही संबंध नाही, असं. तुमच्या शिक्क्यानिशी, तिच्या लॅबच्या नावे."

"तसा फॉर्म नाही."

"मग कोरा कागद घ्या."

"तशी पद्धत नाही."

"साहेब, मी आत्ता तुमच्यापुढे स्वतःला बुडवलं, त्याची तरी कुठे पद्धत होती?"

त्याने खिशातलं पेन चाचपलं. दाराबाहेर भोंगा उभा होता. त्याची समजूत अशी की तो पुटपुटतोय, पण अख्ख्या शेडला ऐकू गेलं: "मालकांनी कबूल केलं रे." मिक्सर बंद पडल्यासारखी शांतता झाली. बहुधा त्या शांततेनेच तपासनिसाने पेन उघडलं.

कागद सोबत जोडला आहे. एक प्रत तुझ्या लॅबप्रमुखांना परस्पर गेली आहे. भाषा कोरडी आहे, पण 'कोणताही संबंध नाही' हे शब्द आहेत, आणि तुझं नाव बरोबर लिहिलंय, मी तीनदा तपासलं.

आपलं नाव सहा महिने यादीबाहेर. अडुसष्ट ठोकळे परत घेऊन नव्याने ओतून द्यायचे. आणि रिपोर्टवर सहीसाठी शिकलेला केमिस्ट हवा, त्याच्याशिवाय एक थेंब बाहेर जाणार नाही. नववीवाल्याची सही चालणार नाही, हे त्याने दोनदा सांगितलं.

तू ये, असं मी लिहीत नाही. तुझ्या सासूबाईंना वाटतं मी ते लिहावं. तुला बोलवायचं तोंड मला नाही, आणि तुझी नोकरी चांगली आहे. जाहिरात दिली आहे.

बाबा


१५ सप्टेंबर

सूनबाई,

केमिस्ट मिळाली. मुलगी आहे, चष्म्याची. हळू बोलते, इतकं हळू की मलासुद्धा पुन्हा विचारावं लागतं. पहिल्याच दिवशी लॅबच्या दारावर कागद लावला: 'मोजणी चालू असताना आत येऊ नये.' मी विचारलं, हे कोणासाठी? म्हणाली, सगळ्यांसाठी. मी विचारलं, मालकासाठी पण? म्हणाली, "विशेषतः." कुठून शिकवून पाठवतात तुम्हा लोकांना?

त्या लिफ्टवाल्यांचे पहिले वीस ठोकळे आज ओतायचे होते. दुसऱ्या जातीचा हार्डनर, लहान साचा, सगळं तू म्हणाली होतीस तसं. गेला आठवडा त्यातच गेला. सहा माणसं सकाळपासून साचे तापवून उभी, भोंगा मिक्सरपाशी. माल कालवला. तिने नमुना नेला. बारा मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, "ओतू नका."

"का?"

"या ड्रमचा हार्डनर जुना आहे. लवकर बसतंय. अठराच मिनिटं उरलीत."

"आपल्याला ओतायला पंधराच लागतात."

"ओतायला घेताना वीस उरली पाहिजेत, ही अट मीच लिहून दिली आहे."

मिक्सर चालू होता. मी ऐकला. आवाज लोण्यासारखा मऊ होता, सूनबाई, कण्हण्याचा मागमूस नाही. पंधरा मिनिटांत वीसच्या वीस भरले असते आणि अंगठ्याएवढी काय, मोहरीएवढी पोकळी राहिली नसती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. सगळे माझ्याकडे बघत होते. भोंग्याने तर झडप उघडायला हात घातलाच होता. त्या मुलीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती दारातून हलली नाही. मला इतका संताप आला की कानशिलं तापली.

मी भोंग्याला म्हटलं, हात काढ.

सगळी बॅच ड्रममध्ये काढली. ड्रममध्ये ढिगाने राहिला की माल स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखा तापतो, तुला माहीत आहे. धूर यायला लागला तेव्हा चौघांनी तो ढकलत मागच्या अंगणात नेला. तिथे तो दुपारभर तडतडत होता. आता त्याचा एक भला मोठा पिवळा ठोकळा झाला आहे, कशाच्याही उपयोगाचा नाही.

संध्याकाळी घरी सांगितलं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं," आणि भाजी चिरत राहिल्या. शेडमध्ये लोक म्हणाले, बॅच वाया गेली, उद्या नवीन लावू. त्या मुलीला वाटलं असेल, मालक असेच असतात. कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटणार तरी कसं? म्हणून तुला लिहिलं.

बाबा